कीटकाची ग्रंथी काचेच्या ताटलीत: डासाच्या अळीला 'मोठं होऊ न देणारं' औषध नेमकं काय आहे?

डासांच्या अळ्यांसाठी पाण्यात टाकायची काही औषधं मोठी विचित्र आहेत. ती अळीला लगेच मारत नाहीत. औषध टाकल्यावरही अळी पोहते, खाते, वाढते, कोषातही जाते. पण त्या कोषातून डास बाहेर पडत नाही. मिथोप्रीन आणि पायरीप्रॉक्सीफेन ही त्यातली दोन महत्त्वाची नावं. दोन्ही कीटकाच्या एका हार्मोनची नक्कल करतात.

आता 'हार्मोन' आणि 'पिण्याचं पाणी' हे दोन शब्द एका मेसेजमध्ये आले की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. मेसेज फॉरवर्ड होतो, आणि वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो: हे आपल्या पोटात गेलं तर? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर मिळतं ते एका कमी माहीत असलेल्या तंत्रातून. कीटकाच्या शरीरातली ग्रंथी बाहेर काढायची, काचेच्या ताटलीत जिवंत ठेवायची आणि ती किती हार्मोन बनवते ते मोजायचं. आज मी हेच सोप्या भाषेत सांगणार आहे.

आधी मुळातली गोष्ट: कीटकाला हार्मोन कशाला लागतात?

कीटकाची कातडी म्हणजे बाहेरून घातलेलं कडक चिलखत. ते ताणत नाही. त्यामुळे वाढायचं असेल तर जुनी कात टाकून नवी तयार करावी लागते. रेशमाची अळी चार वेळा कात टाकते, पाचव्या अवस्थेत भरपूर पाला खाते आणि मग कोष विणते.

हे सगळं मुख्यतः दोन हार्मोनच्या ताळमेळावर चालतं.

पहिलं एक्डायसोन. ते छातीतल्या प्रोथोरॅसिक ग्रंथीतून येतं. त्याचा निरोप एकच: 'आता कात टाक.'

दुसरं ज्युवेनाइल हार्मोन. ते मेंदूच्या मागे असलेल्या कॉर्पोरा अलाटा नावाच्या इवल्याशा ग्रंथींच्या जोडीतून येतं. त्याचा निरोप: 'कात टाक, पण अजून लहानच राहा.'

दोन्ही निरोप एकत्र आले तर अळी कात टाकून आणखी मोठी अळी होते. ज्युवेनाइल हार्मोन थांबलं आणि फक्त एक्डायसोन आलं, तर अळी कोषात जाते. म्हणजे अळीचं बालपण किती दिवस टिकणार, हे त्या मेंदूमागच्या जोडीच्या हातात असतं.

मग ग्रंथी बाहेर काढायची गरज काय?

मोबाइल रिपेअरवाल्याला कधी नीट बघितलंय? फोन चालू होत नसेल तर तो सगळा फोन बघून अंदाज बांधत बसत नाही. बॅटरी बाहेर काढतो, मल्टीमीटर लावतो, वेगळी तपासतो. बॅटरी ठीक असेल तर दोष दुसरीकडे. पार्ट जोपर्यंत सर्किटमध्ये आहे तोपर्यंत कोण कोणामुळे बिघडलंय ते कळत नाही.

कीटकशास्त्रज्ञांची अडचण हीच होती. पोलंडच्या स्टेफान कोपेच यांनी १९१७ ते १९२२ या काळात जिप्सी मॉथ नावाच्या पतंगाच्या अळ्यांवर प्रयोग केले. योग्य वेळेआधी मेंदू काढला तर अळी कोषात जात नाही, हे त्यांनी दाखवलं. इंग्लंडच्या व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी १९३० च्या दशकात रक्त पिणाऱ्या ऱ्होडनियस ढेकणांची डोकी कापून पाहिलं. असे बिनडोक ढेकूण कित्येक महिने जगतात, आणि डोकं कधी कापलं त्यावर ते कात टाकणार की नाही हे ठरतं. पुढे १९४० मध्ये जपानच्या सोइची फुकुदा यांनी रेशमाच्या अळीत प्रोथोरॅसिक ग्रंथीची भूमिका दाखवून दिली.

प्रयोग जबरदस्त होते, पण सगळे पूर्ण शरीरावर. मेंदू काढल्यावर अळी थांबली, म्हणजे हार्मोन मेंदूच बनवतो का? की मेंदू दुसऱ्या ग्रंथीला हुकूम देतो आणि हार्मोन ती बनवते? पूर्ण शरीर बघून हे पक्कं सांगता येत नव्हतं.

हार्मोन थेट शरीरातून गाळून काढायचं म्हटलं तर आणखी एक संकट. जर्मनीत ॲडॉल्फ ब्युटेनांट आणि पीटर कार्लसन यांनी १९५४ मध्ये पहिल्यांदा शुद्ध एक्डायसोन मिळवलं. त्यासाठी त्यांनी रेशीमकिड्याचे ५०० किलो कोष वापरले आणि हाती आलं २५ मिलिग्रॅम. म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग! आणि एवढं करूनही ते कुठल्या ग्रंथीने बनवलं, हे त्या बाटलीकडे बघून कळत नाही.

ताटलीत ग्रंथी जिवंत कशी राहते?

ग्रंथी मोहरीच्या दाण्याहूनही लहान असते. सूक्ष्मदर्शकाखाली, बारीक चिमट्याने ती सोडवून घ्यावी लागते. मग ती अशा द्रवात ठेवतात ज्यात क्षार, साखर आणि अमिनो आम्लं असतात. कीटकाच्या रक्तात अमिनो आम्लांचं प्रमाण बरंच जास्त असतं, म्हणून कीटकपेशींसाठी बनवलेल्या खास द्रवातही ती सढळ हाताने घातलेली असतात.

माणसाच्या पेशींना ३७ अंश सेल्सिअस लागतं. कीटकाच्या ग्रंथीला साधारण २५ ते २८ अंश पुरतं. एक पेच मात्र आहे. कीटकाच्या शरीरात ऑक्सिजन रक्तातून जात नाही, बारीक हवानळ्या तो थेट अवयवापर्यंत पोहोचवतात. ताटलीत त्या नळ्या तुटलेल्या असतात. म्हणून द्रव अगदी थोडा ठेवतात आणि भांडं हळूहळू हलवत राहतात, म्हणजे द्रवात विरघळलेला ऑक्सिजन ग्रंथीला मिळतो.

एक गैरसमज इथेच दूर करतो. ग्रंथी ताटलीत ठेवणं आणि कीटकाच्या पेशी 'वाढवणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रंथी काही तास किंवा काही दिवस काम करते, मग थकते. पेशींची 'लाइन' मात्र विभागत राहते, वर्षानुवर्षे. कीटकपेशींची अशी पहिली कायमची लाइन ऑस्ट्रेलियाच्या थॉमस ग्रेस यांनी १९६२ मध्ये तयार केली. हे दुसरं तंत्र आपल्या ओळखीचं आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या कोवोव्हॅक्स लशीतलं स्पाइक प्रथिन एका पतंगाच्या पेशी-लाइनमध्येच तयार होतं. पण हार्मोन कोण बनवतं हे विचारायचं असेल, तर खरी, पूर्ण ग्रंथीच लागते.

ग्रंथीने किती हार्मोन बनवलं, हे मोजतात कसं?

इथे खरी गंमत आहे. १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये ग्रॅहम प्रॅट आणि स्टीफन टोबे यांनी वाळवंटी टोळाच्या कॉर्पोरा अलाटावर एक पद्धत बसवली. ज्युवेनाइल हार्मोन बनवताना ग्रंथी शेवटी त्याला एक छोटा तुकडा जोडते, मिथाइल गट. हा तुकडा ती मिथिओनिन नावाच्या अमिनो आम्लाकडून घेते. मग त्यांनी काय केलं? ताटलीतल्या द्रवात असं मिथिओनिन घातलं ज्याचा मिथाइल गट किरणोत्सारी होता. ग्रंथीला फरक कळत नाही. ती तोच तुकडा उचलते आणि हार्मोनला चिकटवते. आता प्रत्येक नव्या रेणूवर जणू लेबल लागलं.

काही तासांनी हार्मोन द्रवातून वेगळं काढायचं आणि किरणोत्सार मोजायचा. जितका किरणोत्सार, तितकं नवं हार्मोन. कॉर्पोरा अलाटा हे हार्मोन साठवून ठेवत नाही, बनलं की सोडून देते. त्यामुळे ताटलीत मोजलेला आकडा म्हणजे ग्रंथीच्या कामाचा वेग, असं धरता येतं.

आकडे किती बारीक? मोजणी पिकोमोलमध्ये होते. कीटकांत सगळ्यात जास्त आढळणाऱ्या ज्युवेनाइल हार्मोन-३ चा एक पिकोमोल म्हणजे सुमारे २६६ पिकोग्रॅम. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करा, त्यातले २६६ घ्या. एवढंसं! कुठे ते ५०० किलो कोष आणि कुठे ही दोन टिंबाएवढी ग्रंथी.

हे ज्युवेनाइल हार्मोन-३ सुद्धा ताटलीतूनच सापडलं. १९७३ मध्ये अमेरिकेत तंबाखूवरच्या एका अळीच्या पतंगातून काढलेल्या ग्रंथी द्रवात ठेवल्या होत्या, त्या द्रवातून ते वेगळं करण्यात आलं.

ताटलीने कोणते प्रश्न सोडवले?

पहिला प्रश्न मेंदूचा. प्रोथोरॅसिक ग्रंथी एका अळीत दोन असतात, डावी आणि उजवी. १९७९ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स गिल्बर्ट यांच्या गटाने याचा छान उपयोग केला. एकाच अळीची एक ग्रंथी साध्या द्रवात ठेवली आणि दुसरी मेंदूचा अर्क घातलेल्या द्रवात. दुसरीने जास्त एक्डायसोन सोडलं. अळी तीच, वय तेच, खाणं तेच. फरक फक्त अर्काचा. म्हणजे एक्डायसोन ग्रंथी बनवते आणि मेंदू तिला हुकूम देतो. कोपेच यांच्या काळापासूनचा गुंता असा सुटला.

दुसरा प्रश्न: ग्रंथी बंद कोण करतं? डिप्लोप्टेरा नावाचं एक झुरळ आहे. २०१६ मध्ये 'झुरळाचं दूध' ही बातमी व्हायरल झाली होती ना, तेच हे पिल्लांना जन्म देणारं झुरळ. त्या दुधातल्या प्रथिनावरचं काम बंगळुरूच्या इनस्टेम संस्थेतलं होतं. या झुरळाच्या मादीत अंडी वाढताना ज्युवेनाइल हार्मोनचा वेग चढतो आणि नंतर उतरतो. शास्त्रज्ञांनी मेंदूच्या अर्कातला एकेक भाग ताटलीतल्या ग्रंथीवर टाकून पाहिला. ज्याने वेग घटला तो भाग पकडला. १९८९ मध्ये त्यातून ॲलॅटोस्टॅटिन नावाची छोटी प्रथिनं सापडली. हा ग्रंथीचा 'ऑफ' स्विच.

तिसरा प्रश्न डेंग्यूच्या डासाचा. एडिस इजिप्ती डासाची ग्रंथी किती छोटी असेल, विचार करा. तरी अमेरिकेतल्या फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीत फर्नांडो नोरिएगा यांच्या गटाने ती ताटलीत ठेवून मोजली. कोषातून नुकत्याच बाहेर आलेल्या मादीत वेग कमी असतो, साखरेवर वाढलेल्या मादीत पहिल्या दिवसभरात तो चढतो, आणि रक्त प्यायल्यावर उतरतो. म्हणजे हे हार्मोन फक्त बालपण टिकवत नाही. मोठ्या मादीत ते अंड्यांच्या तयारीतही लागतं.

यातून औषध कसं आलं?

अमेरिकेतले कॅरोल विल्यम्स यांनी १९५६ मध्ये सिक्रोपिया पतंगाच्या नरांच्या पोटातून या हार्मोनचा सोनेरी तेलासारखा अर्क काढला. त्यांच्या लगेच लक्षात आलं की कीटकाचं स्वतःचं हार्मोन चुकीच्या वेळी दिलं तर तो कीटक पुढे सरकूच शकणार नाही. पण खरं हार्मोन उन्हात आणि पाण्यात टिकत नाही. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्यासारखे, पण जास्त टिकणारे रेणू बनवले. मिथोप्रीनला १९७५ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली.

वनस्पतींनी ही युक्ती आपल्या कितीतरी आधी शोधली होती. फालुद्यात आपण ज्याचं बी घालतो त्या सब्जाच्या झाडाच्या तेलात ज्युवोसिमीन नावाचे पदार्थ असतात. ते या हार्मोनची जोरदार नक्कल करतात. हे १९८० मध्ये कळलं.

उलटी युक्तीही आहे. ॲजिरॅटम या बागेतल्या झुडपातून १९७६ मध्ये प्रिकोसीन सापडलं. ते दिलं की काही कीटकांची पिल्लं वेळेआधीच मोठी होतात, पण बुटकी आणि वांझ. ते मेंदूवर काम करतं की ग्रंथीवर? पुन्हा ताटली! १९७७ मध्ये झुरळाची सुटी ग्रंथी प्रिकोसीनमध्ये ठेवली आणि तिचं हार्मोन बनवणं घटलं. मेंदू जागेवर नव्हताच, म्हणजे घाव थेट ग्रंथीवर बसत होता.

आता मूळ प्रश्न: हे पाण्यात असेल तर आपल्याला धोका आहे का?

आपलं शरीर ज्युवेनाइल हार्मोन बनवत नाही. कीटकात हे हार्मोन ज्या प्रथिनाला चिकटतं त्याचं नाव 'मेट'. ते प्रथिनही आपल्यात नाही. चावी आहे, पण आपल्या दाराला ते कुलूपच नाही. त्यामुळे 'हार्मोन' हा शब्द वाचून 'आपले हार्मोन बिघडणार' असं समजणं चूक आहे.

पण थांबा, एवढ्यावर विश्वास ठेवून मोकळे होऊ नका. प्रिकोसीनचा नेमही कीटकाच्या ग्रंथीवरच होता, तरी उंदरांच्या यकृताला त्याने इजा केली. म्हणजे निशाणा कीटकावर आहे म्हणून रसायन आपोआप सुरक्षित ठरत नाही. त्यासाठी प्राण्यांवरच्या वेगळ्या चाचण्या आणि मात्रेचा हिशोब लागतो.

तो हिशोब करून बघू. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी पायरीप्रॉक्सीफेनची कमाल मात्रा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम सांगितली आहे. ६० किलो वजनाच्या माणसाने दिवसाला २ लिटर पाणी प्यायलं तर पोटात जातं ०.०२ मिलिग्रॅम. आयुष्यभर रोज घेतलं तरी चालेल अशी मर्यादा वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.१ मिलिग्रॅम धरली गेली, म्हणजे या माणसासाठी ६ मिलिग्रॅम. आपण तिच्या तीनशेव्या भागावर आहोत.

हा हिशोब न करता काय होतं ते फेब्रुवारी २०१६ मध्ये ब्राझीलमध्ये दिसलं. तिथे लहान डोक्याची बाळं जन्माला येत होती. पाण्यातलं पायरीप्रॉक्सीफेन त्याला कारणीभूत आहे, असा दावा सोशल मीडियावर जगभर पसरला. एका राज्याने ते पाण्यात टाकणं थांबवलंसुद्धा. पण रेसिफे शहरात हे औषध वापरात नव्हतं आणि तिथेही अशी बाळं होती. खरं कारण झिका विषाणू होता, आणि तो पसरवतो कोण? एडिस डास. म्हणजे अफवेमुळे डासाविरुद्धचं हत्यारच बाजूला ठेवलं गेलं. आपल्याकडे याच डासामुळे डेंग्यू आणि चिकुनगुन्या होतो, आणि राष्ट्रीय कीटकजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमातल्या अळीनाशकांमध्ये पायरीप्रॉक्सीफेनचा समावेश आहे.

मग याचा तोटा कोणाला?

ज्यांच्याकडे ते कुलूप आहे, त्यांना. उत्तर इटलीत फळबागांवर फेनॉक्सीकार्ब नावाचं याच जातीचं औषध फवारलं जायचं. त्याचा अंश तुतीच्या पाल्यावर पोहोचला आणि रेशमाच्या अळ्या खात राहिल्या, पण कोष विणेनात. जालना, बीडकडे तुतीवर रेशीमशेती करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. अळी चंद्रिकेवर चढवली आणि ती विणलीच नाही, तर हंगाम गेला.

पाण्यातलंही बघा. १९८७ मध्ये एका खेकड्याच्या ग्रंथी अशाच बाहेर ठेवून अभ्यासल्या, तेव्हा त्या ज्युवेनाइल हार्मोनचा जवळचा नातेवाईक असलेला मिथाइल फार्नेसोएट बनवतात असं दिसलं. खेकडे, कोळंबी ही कीटकांची भावंडंच. म्हणून पाण्याच्या पिंपात मोजून टाकलेलं औषध वेगळं, आणि ओढ्यात किंवा खाडीत ओतलेलं वेगळं.

आणि एक मर्यादा ताटलीचीही सांगतो. शरीरात ग्रंथीला मेंदूकडून नसा येतात, ताटलीत त्या तुटलेल्या असतात. शिवाय रक्तात हार्मोन किती उरेल हे ते किती बनतं यासोबत किती मोडलं जातं यावरही ठरतं. त्यामुळे ताटलीतला आकडा म्हणजे रक्तातला आकडा नव्हे. शास्त्रज्ञ दोन्ही मोजतात आणि मग बोलतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पाण्यात औषध टाकलं, तरी अळ्या दिसतात. औषध खोटं आहे का?
नाही. ही औषधं अळीला डास होण्यापासून रोखतात. अळ्या दिसत राहतील. कोषातून डास निघतात का, ते बघायचं.

घरी स्वतः आणून टाकू का?
पिण्याच्या पाण्यात नको. मात्रा मोजूनच टाकावी लागते, ते काम आरोग्य कर्मचाऱ्यांचं. आपण आठवड्यातून एकदा पिंप, कूलर, कुंडीखालच्या ताटल्या रिकाम्या करून घासून कोरड्या करायच्या. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही.

सब्जा खाल्ल्याने काही होतं का?
कीटकाला चालणारी ती नक्कल झाडाच्या तेलात सापडली. आपल्याकडे ते हार्मोनही नाही आणि त्याचं कुलूपही नाही. फालुदा बिनधास्त खा.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी 'पाण्यात हार्मोन' असा मेसेज आला तर पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारा: कोणाचं हार्मोन, कोणाकडे त्याचं कुलूप आहे, आणि मात्रा किती? लेख उपयोगी वाटला तर तो घरच्या ग्रुपवर नक्की शेअर करा.